इन्व्हर्टर सकाळी उशिरा का उठतो: घरच्या सोलरचा अर्थ फॉल्ट आणि इंदूरची काळी माती

जुलैतली झड ओसरली की इंदुरात एक तक्रार हमखास ऐकू येते. "ऊन सातलाच पडतं, पण इन्व्हर्टर साडेनऊ-दहाशिवाय सुरू होत नाही. मग आपोआप चालतो." त्या दोन-तीन तासांत सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ‘आयसोलेशन फॉल्ट’ किंवा ‘पीव्ही आयएसओ लो’ असं काहीतरी लाल अक्षरांत दिसतं, म्हणजे पॅनेलच्या वायरीतून वीज अर्थकडे (जमिनीकडे) गळते आहे असा इशारा. दहाला ते जातं, म्हणून घरचे लोक विसरतात. चार दिवसांनी एखादा वायरमन येतो आणि म्हणतो, "अर्थ का तार निकाल दो, चल जाएगा." तार काढली की खरंच चालतो, आणि नेमका तिथूनच धोका सुरू होतो.

त्या लाल अक्षरांमागे काय असतं, ते कसं शोधायचं आणि ते येऊच नये म्हणून अर्थिंग, आरसीसीबी (गळती दिसताच लाइन तोडणारा स्विच), केबल यांची जोडणी कशी करायची, ते पुढे आहे. उदाहरणाला ३ किलोवॅटची सिंगल फेज सिस्टीम घेतली आहे. पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांची सबसिडी ३ किलोवॅटला थांबते, म्हणून सुदामानगरपासून टिळकनगरपर्यंत बहुतेक गच्च्यांवर हाच आकार दिसतो. ५४० वॅटची ६ पॅनेलं, सगळी एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या माळेत. प्रत्येकाचं उघडं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज साधारण ४९.५, म्हणजे स्ट्रिंगचं २९७ व्होल्ट. जानेवारीच्या थंड सकाळी ते ३१० च्या वर जातं. मे महिन्याच्या दुपारी, पॅनेल ६० अंशांवर तापलेलं असताना, २७० च्या आसपास येतं. हा २७० चा आकडा पुढे कामाला येईल.

फ्यूज आणि एमसीबी इथे का कामाचे नाहीत

एसी वायरिंगमध्ये शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. पॅनेलचं तसं नाही. आपल्या पॅनेलचा चालू करंट सुमारे १३ अँपिअर, आणि दोन टोकं थेट एकमेकांना जोडली तरी सुमारे १३.८. डीसी बॉक्समधला १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज या दोन्हींत फरक करूच शकत नाही. एकाच स्ट्रिंगच्या घरात तो फ्यूज जवळजवळ शोभेचा असतो.

शिवाय पॅनेलची डीसी बाजू जमिनीपासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. म्हणून प्लस किंवा मायनस वायरचं साल सोलून ती लोखंडी स्ट्रक्चरला टेकली, तर पहिल्या दोषाला फारसं काहीच होत नाही. ना ठिणगी, ना आवाज. त्यानंतर दुसरी वायर दुसरीकडे कुठे टेकली की अख्ख्या स्ट्रिंगचा करंट स्ट्रक्चरमधून फिरू लागतो. डीसीची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ती विझत नाही. ऊन असेपर्यंत पेटतच राहते, आणि ऊन बंद करायचा स्विच कुणाकडे नाही.

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला २००९ मध्ये एका मोठ्या दुकानाच्या छपरावर असंच झालं. तिथल्या जुन्या पद्धतीत एक डीसी वायर फ्यूजमधून जमिनीला जोडलेली असे. त्याच जमिनीला जोडलेल्या बाजूच्या वायरमध्ये पहिला दोष आला. फ्यूजला तो दिसला नाही. दुसरा दोष आल्यावर आग लागली. आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये ही पद्धत नसते, त्याऐवजी आत दोन पहारेकरी असतात.

पहिला सकाळी, ग्रिडला जोडण्याआधी, प्लस-मायनस आणि अर्थ यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध मोजतो. आयईसी ६२१०९-२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब सोपा आहे: इन्व्हर्टरचं कमाल डीसी व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर. ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला ती किमान मर्यादा २० किलो-ओहम येते. बरेच उत्पादक त्याहून बरीच वरची मर्यादा ठेवतात. मर्यादेखाली आकडा आला तर इन्व्हर्टर सुरू होत नाही.

दुसरा इन्व्हर्टर चालू असताना काम करतो. जाणारा आणि येणारा करंट सारखा आहे का ते पाहतो. गळती हळूहळू वाढून ३०० मिलिअँपिअरच्या वर गेली तर ०.३ सेकंदात बंद. एकदम ३० मिलिअँपिअरची उडी आली, म्हणजे बहुधा कुणाचा हात लागला, तरी ०.३ सेकंदात बंद. ६० ची उडी असेल तर ०.१५ सेकंद, १५० ची असेल तर ०.०४.

हे दोघंही अर्थच्या संदर्भानेच मोजतात. पॅनेलच्या फ्रेमला अर्थ नसेल आणि सोललेली वायर फ्रेमला टेकली, तर पहिल्या पहारेकऱ्याला काहीच दिसत नाही, कारण फ्रेमपासून त्याच्यापर्यंत रस्ताच नाही. स्क्रीन हिरवी आणि फ्रेम जिवंत. ओल्या गच्चीवर पाय ठेवून कुणी फ्रेमला हात लावला की तो माणूसच रस्ता होतो. इन्व्हर्टरचा अर्थ काढल्यावर एरर जाते ती यामुळेच. दोष जागच्या जागी राहतो, फक्त त्याच्याकडे पाहणारा कुणी उरत नाही.

पावसाचं निमित्त कुठवर चालतं

"ओलावा आहे, थोडं लिकेज होणारच," हे अर्धसत्य आहे. किती, ते मोजता येतं. आयईसी ६१२१५ च्या ओल्या चाचणीत पॅनेलचा रोध गुणिले क्षेत्रफळ ४० मेगा-ओहम चौरस मीटरपेक्षा कमी चालत नाही. ५४० वॅटचं पॅनेल २.५८ चौरस मीटरचं, म्हणजे एकाला निदान १५.५ मेगा-ओहम. सहा पॅनेलं समांतर धरली तर सुमारे २.६ मेगा-ओहम. धडधाकट सहा पॅनेलं भर पावसातही याच्या खाली जायला नकोत.

आता इन्व्हर्टरची मर्यादा आठवा: किलो-ओहममध्ये. म्हणजे अडीच मेगा-ओहमपासून त्या मर्यादेपर्यंतच्या सगळ्या उतारावर इन्व्हर्टर गप्प असतो. लाल अक्षरं येतात तेव्हा दोष जुना झालेला असतो. अनेक इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये ‘आर-आयएसओ’ किंवा ‘इन्सुलेशन रेझिस्टन्स’ असा आकडा रोज दिसतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सकाळी तो वहीत लिहून ठेवा. ओल्या सकाळी तो ४०० किलो-ओहम दाखवत असेल तर एरर नसली तरी काम काढा.

काही इन्व्हर्टरमध्ये पासवर्ड टाकून ही मर्यादा खाली आणता येते. सर्व्हिसवाला दोन मिनिटांत ते करून जातो आणि तक्रार मिटते. त्याला हे करू देऊ नका. दोष सापडल्यावर मर्यादा बदलायची गरजच राहत नाही.

काळ्या मातीतला खड्डा

माळव्याची काळी माती अर्थिंगला एका अर्थी वरदान आहे. ओली असताना तिची रोधकता (वीज अडवण्याचा गुण) २० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असू शकते. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये आकसते, भेगा पडतात, आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थच्या रॉडभोवती बोटभर फट तयार होते. फटीत हवा, आणि हवेतून अर्थ मिळत नाही. दुसरी अडचण खोलीची. बऱ्याच भागांत काही फुटांखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो.

आकड्यांत बघू. १७ मिलिमीटर जाडीचा ३ मीटरचा कॉपर बाँडेड रॉड २० ओहम-मीटरच्या मातीत साधारण ६.६ ओहम देतो. तोच रॉड १०० ओहम-मीटरच्या मुरुमात ३३. सोलरच्या कामात ५ ओहमच्या आतला आकडा मागितला जातो, म्हणजे चांगल्या मातीतही एका रॉडने भागत नाही. ३ मीटर अंतरावर दुसरा रॉड घेऊन दोन्ही जोडले की आकडा चारच्या खाली येतो. अगदी निम्मा होत नाही, कारण दोन्ही रॉड काही अंशी तीच माती वापरतात. १ मीटर अंतरावर दोन रॉड ठोकणं म्हणजे दुसऱ्या रॉडचे बरेचसे पैसे वाया.

खड्डा करताना:

१. पायापासून निदान दीड मीटर दूर जागा घ्या. गच्चीच्या किंवा वॉश एरियाच्या पाण्याचा निचरा जिथे होतो तिथली जागा उत्तम.

२. ३ मीटर बोअर घ्या. मध्ये पाषाण लागला तर रॉड कापून ‘झाला’ म्हणू नका. जागा बदला किंवा ३ मीटरवर दुसरा रॉड घ्या. वर दिसणाऱ्या टोकावरून खालचा रॉड किती लांब आहे ते कुणालाच कळत नाही, म्हणून ठोकताना समोर उभं राहा.

३. रॉडभोवती बेंटोनाइटवर आधारलेलं अर्थिंग कंपाउंड पाण्यात कालवून पातळ ओता. कोरडी पावडर टाकून वरून बादलीभर पाणी मारलं तर ती वरच फुगते आणि खाली पोकळी राहते. मीठ-कोळशाची जुनी पद्धत काळ्या मातीत लवकर आकडा देते, पण मीठ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप खातं आणि पावसात वाहूनही जातं.

४. जोड उघडता येईल असा ठेवा. वर झाकण असलेला चेंबर हवाच. फरशीखाली गाडलेला जोड परत कधी मोजला जात नाही.

मोजमाप ऑगस्टमध्ये करून दिलेला कागद मे महिन्यात खोटा ठरतो. चाचणी मेच्या अखेरीस, मृगाआधी करा. तीन खुंट्यांच्या पद्धतीत ३ मीटरच्या रॉडसाठी लांबची खुंटी २५ ते ३० मीटरवर आणि मधली त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर लागते. वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर एवढी जागा कुठून आणणार? समोरच्या बागेत किंवा गल्लीच्या कडेच्या मातीत खुंट्या लावाव्या लागतात. राजवाड्याच्या मागच्या बोळांत तेही शक्य नसतं. तिथे क्लॅम्पचा अर्थ टेस्टर वापरतात, पण तो खड्डा दुसऱ्या अर्थशी जोडलेला असतानाच खरा आकडा देतो, हे ध्यानात असू द्या. एकट्या, सुट्या रॉडला क्लॅम्प लावून आलेल्या आकड्याला काही मोल नाही.

तीन खड्डे (डीसी, एसी आणि तडितरक्षकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचा) एकमेकांपासून सुटे ठेवावेत, असा एक समज घट्ट बसला आहे. "वीज घरात येईल" हे त्याचं कारण. उलट आहे. तडितरक्षकाच्या ५ ओहमच्या खड्ड्यात १० किलो-अँपिअरची वीज गेली तर तो खड्डा ५० किलोव्होल्टवर चढतो. बाकीचे दोन जमिनीवरच राहिले, तर एवढा फरक पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये येतो. तिन्ही खड्डे जमिनीलगत २५ बाय ३ ची जीआय पट्टी किंवा १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने जोडा. तडितरक्षकाची खाली येणारी पट्टी मात्र वेगळ्या बाजूने उतरवा. डीसी केबलच्या पाइपाशेजारून ती आणू नका.

फ्रेमपासून पट्टीपर्यंत

पॅनेलची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम अ‍ॅनोडाइझ केलेली असते, आणि तो थर वीज वाहू देत नाही. म्हणजे फ्रेम क्लॅम्पने स्ट्रक्चरला घट्ट बसली म्हणून तिला अर्थ मिळाला असं होत नाही. प्रत्येक फ्रेमवर अर्थची खूण असलेलं वेगळं छिद्र असतं. तिथे टिनचा मुलामा असलेला लग (तारेच्या टोकाला चेपायचा धातूचा कान), स्टेनलेसचा एम-६ बोल्ट आणि दातेरी वॉशर, अशी जोडणी हवी. उघड्या तांब्याचा लग अ‍ॅल्युमिनियमवर बसवला की दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी धरते आणि जोड उघडा पडतो.

सहा पॅनेलांसाठी हिरव्या-पिवळ्या ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचे पाच तुकडे, शिवाय पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमपासून अर्थपट्टीपर्यंत एकेक तार. दोन्ही टोकांनी खाली उतरवल्यामुळे मधलं एक पॅनेल काढलं तरी बाकीच्यांचा अर्थ तुटत नाही. स्ट्रक्चरच्या प्रत्येक सुट्या भागालाही एक जोड द्या. इन्व्हर्टरला अर्थ दोन जागी हवा: एसी केबलच्या तिसऱ्या तारेतून, आणि बॉडीवरच्या बाहेरच्या स्टडमधून. बसवणारे दुसरा जोड सर्रास सोडतात.

तपासणी: मल्टिमीटर ओहमवर ठेवा, तारांचा स्वतःचा रोध वजा करा, आणि सर्वात लांबच्या फ्रेमपासून अर्थपट्टीपर्यंत मोजा. ६ चौरसच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे ३ ओहम, म्हणजे २० मीटरला ०.०६. मीटर २ ओहम दाखवत असेल तर तारेला दोष देऊ नका, कुठला तरी लग ढिला आहे.

अर्थ चांगला नाही म्हणून इन्व्हर्टरचा अर्थ न्यूट्रलला जोडणारेही भेटतात. डीपीकडून येणारा न्यूट्रल वादळात तुटला, तर घरातल्या दिव्या-पंख्यांतून परत येणारा फेज थेट सहाही फ्रेमवर येतो. याला तडजोड म्हणत नाहीत.

एसी बाजूचा आरसीसीबी

इंदूरच्या साध्या घरगुती जोडणीत खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ आपला आपण करतो. ५ ओहमच्या अर्थिंगवर फेज बॉडीला टेकला तर करंट २३० भागिले ५, म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर. २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला १०० अँपिअर तरी लागतात. ४६ वर तो तापून, बऱ्याच उशिराने पडतो, आणि तोवर बॉडीवर व्होल्टेज राहतं. म्हणून आरसीसीबीला पर्याय नाही. १०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला ५० व्होल्टची सुरक्षित मर्यादा पाळायला ५०० ओहमचा अर्थही पुरतो. याचा अर्थ खड्डा वाईट चालेल असा नाही, विजेच्या लोळासाठी तो चांगलाच हवा. पण पाच ओहमचा दाखला फ्रेम करून लावणाऱ्यांच्या घरी आरसीसीबी नसतो, तेव्हा नवल वाटतं.

कुठे बसवायचा, यातली चूक फार होते. सोलरची लाइन घरच्या ३० मिलिअँपिअरच्या मुख्य आरसीसीबीच्या खाली जोडली जाते, आणि पहिल्या पावसात घर अंधारात. पॅनेलच्या काचेआडच्या सेल आणि अर्थ केलेली फ्रेम यांचा मिळून एक कपॅसिटर बनतो. काच ओली झाली की तो वाढतो, आणि त्यातून थोडा एसी करंट नेहमीच अर्थकडे जातो. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, मानकच त्याला तशी मुभा देतं. घरातल्या फ्रिज-वॉशिंग मशीनची स्वतःची गळती त्यात मिळाली की झालं.

बरोबर रचना अशी: नेट मीटर, त्यानंतर मेन स्विच, आणि तिथून दोन फाटे. एक घराचा, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून. दुसरा सोलरचा, २० अँपिअरच्या सी प्रकारच्या दोन पोल एमसीबी आणि १०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, ४ चौरस तांब्याच्या तीन कोर केबलने इन्व्हर्टरपर्यंत. ३ किलोवॅटला करंट १३ अँपिअरच्या आसपास असतो, त्याला हे पुरेसं आहे.

प्रकार पाहून घ्या. आरसीसीबीच्या तोंडावर चौकटीत फक्त एक लहर छापलेली असेल तर तो ‘एसी’ प्रकार. गळतीत सपाट डीसी मिसळला की त्याचा चुंबकी गाभा भरून जातो आणि तो आंधळा होतो. लहरीखाली अर्ध्या लहरींची खूण असेल तर ‘ए’ प्रकार, तो ६ मिलिअँपिअरपर्यंतचा सपाट डीसी सोसतो. आपला इन्व्हर्टर याहून जास्त डीसी सोडत नाही असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तर ‘ए’ चालतो. मॅन्युअल ‘बी’ मागत असेल तर ‘बी’च घ्यावा, महाग असला तरी. दुकानात नाव न घेता "आरसीसीबी द्या" म्हटलं की बहुधा ‘एसी’ हातात पडतो.

एसीचा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक लोळ अर्थकडे वळवणारं उपकरण) आरसीसीबीच्या आधी, मीटरच्या बाजूला लावा. आपल्या पद्धतीच्या जोडणीला फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढलं की वाट देणारा भाग) आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप (ठिणगीची फट) असलेला ‘१+१’ प्रकार योग्य. आणि घरात बॅटरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला नाही ना, ते बघा. विनाकारण पडणाऱ्या आरसीसीबींमागे सोलरपेक्षा हेच जास्त वेळा निघतं.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. भर दिवसा दाबलं तरी चालतं, ग्रिड गेला की इन्व्हर्टर दोन सेकंदांत थांबतो. मीटरने तपासायचं झालं तर ठरलेल्या करंटला ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांत पडला पाहिजे.

दोष शोधायचा कसा

इथून पुढचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं. घरच्यांनी क्रम माहीत ठेवावा, म्हणजे समोरचा काय वगळतो ते कळतं. एरर असताना ओल्या गच्चीवर पॅनेल धुवायला कुणी जाऊ नये, एवढं घरच्यांकडे.

बंद करताना आधी एसी ब्रेकर, मग इन्व्हर्टरचा डीसी स्विच. लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा, बहुधा पाच ते दहा. त्यानंतर डीसी क्लॅम्प मीटरने दोन्ही डीसी वायरींत शून्य अँपिअर आहे याची खात्री करा. ही पायरी वगळू नका. दोन ठिकाणी दोष असेल तर स्विच बंद असतानाही करंट फिरत असतो, आणि अशा वेळी एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग) उपसला तर हातातच ठिणगी पेटते. शून्य नसेल तर काहीही न उघडता सूर्यास्ताची वाट पाहा.

शून्य असेल तर कनेक्टर काढून स्ट्रिंग मोकळी करा. डीसी सर्ज प्रोटेक्टरही सोडवा, कारण म्हातारा झालेला व्हॅरिस्टर स्वतःच अर्थकडे गळतो. तो काढल्यावर एरर गेली तर दोषी सापडलाच. मग १००० व्होल्ट डीसीच्या मीटरने तीन आकडे घ्या: प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ.

समजा दुपारी प्लस-मायनस २७० व्होल्ट. म्हणजे पॅनेलमागे ४५. प्लस ते अर्थ १८०, मायनस ते अर्थ उणे ९०. दोन्हींची बेरीज, चिन्ह सोडून, २७० आली आणि आकडे स्थिर राहिले, तर दोष पक्का. १८० भागिले ४५ म्हणजे चार. प्लसकडून मोजत चौथ्या आणि पाचव्या पॅनेलच्या मधल्या वायरीत किंवा कनेक्टरमध्ये पाहा. प्लस ते अर्थ शून्य आणि मायनस ते अर्थ उणे २७० आलं तर दोष प्लसच्या लांब वायरीत. भागाकार पूर्णांकात आला नाही, म्हणजे १५७ वगैरे निघालं, तर दोष एखाद्या पॅनेलच्या आत किंवा त्याच्या जंक्शन बॉक्समध्ये, नाहीतर दोष दोन आहेत. निरोगी स्ट्रिंगमध्ये दोन्ही आकडे हळूहळू उतरत जातात आणि बेरीज २७० च्या बरीच खाली राहते.

ही चाचणी ओलावा असताना करावी लागते, कारण दुपारी वाळलेल्या गच्चीवर दोष लपतो. सकाळी एरर असतानाच माणूस बोलवा. तो दुपारी दोनला येऊन "सब ठीक है" म्हणाला तर त्यात काही अर्थ नाही. दुपारीच यायचं असेल तर संशयाच्या जागी एकेक करून पाणी शिंपडून आकडा बघावा.

यानंतर मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर. ३०० व्होल्टच्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टची चाचणी, किमान १ मेगा-ओहम, हे आयईसी ६२४४६-१ चं परिमाण. साधा मेगर भर उन्हात जिवंत स्ट्रिंगवर लावू नका, स्ट्रिंगचं व्होल्टेज मिसळून आकडा खोटा येतो आणि मेगर जळू शकतो. अंधार पडल्यावर करा, किंवा सोलरसाठी बनवलेला टेस्टर वापरा. इन्व्हर्टर जोडलेला असता कामा नये. आकडा कमी आला तर स्ट्रिंग मध्ये तोडून तीन-तीन पॅनेलं वेगळी मोजा, मग खराब अर्ध्याचे पुन्हा भाग करा. तीन-चार मोजण्यांत जागा हाती येते.

सापडतं काय? सर्वात जास्त वेळा पॅनेलखालची वायर. प्लास्टिकचे टाय इंदूरच्या उन्हात दोन वर्षांत तडकतात, वायर लोंबते आणि वाऱ्यात जीआय चॅनेलच्या कापलेल्या धारेवर घासत राहते. आवरण चढवलेले स्टेनलेसचे टाय आणि धारेवर रबराची पट्टी, एवढ्याने हे टळतं. त्यानंतर एमसी-४: पॅनेलचा एका कंपनीचा आणि वायरीचा दुसऱ्याच कंपनीचा, वरून एकमेकांत बसलेले, आतून पाणी पिणारे. जोडी एकाच बनावटीची ठेवा आणि कनेक्टर गच्चीच्या फरशीवर कधीच लोळू देऊ नका. डीसी बॉक्समध्ये केबल वरून आत घेतली असेल तर पाणी तिच्यावरूनच आत येतं. ग्लँड (केबल आत घेण्याचं घट्ट बूच) खालून घ्या, आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या. उभ्या पीव्हीसी पाइपचं उघडं तोंडही तसंच, सगळा पाऊस त्यात साठतो आणि केबल महिनोन्‌महिने पाण्यात राहते. खारी सालं कुरतडतात, माकडं वायरी ओढतात. पॅनेलच्या कडेने जाळी लावली तर खारींचा प्रश्न सुटतो, माकडांचा मात्र राहतो.

कुरतडलेल्या डीसी वायरीवर टेप गुंडाळू नका. तो भाग कापून ४ चौरसच्या सोलर केबलचा नवा तुकडा योग्य क्रिंपिंग पक्कडीने, एमसी-४ लावून जोडा. साध्या पकडीने चेपलेला कनेक्टर वर्षभरात तापून वितळतो.

दोष पॅनेलच्याच आत निघाला, काचेला तडा किंवा जंक्शन बॉक्समध्ये पाणी, तर ते पॅनेल स्ट्रिंगमधून वगळून पाच पॅनेलांवर सिस्टीम चालवता येते. पाचांचं चालू व्होल्टेज साधारण २०० च्या आसपास येतं, ते इन्व्हर्टरच्या लेबलवरच्या एमपीपीटीच्या (इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजमध्ये काम करतो त्या) मर्यादेत बसतं का ते आधी पाहा. वगळलेल्या पॅनेलची दोन्ही टोकं टोपणं लावून बंद करा, पण त्याच्या फ्रेमची हिरवी तार काढू नका. वॉरंटीच्या दाव्यासाठी पॅनेलच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो, तिन्ही व्होल्टेजचे आकडे आणि मेगरचा आकडा तारखेसह लिहून द्या. हेच आकडे मार्करने डीसी बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला पहिल्यापासून शोधावं लागत नाही.